घाईघाईने निघणे इंग्रजीत कसे सांगावे

नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी जळगावातील एका कार्यालयात कारकून होतो, तेव्हा एके दुपारी गावाहून फोन आला की वडिलांना दवाखान्यात दाखल केले आहे. साहेब जागेवर नव्हते, म्हणून शेजारच्या टेबलावर निरोप ठेवून मी तडक निघालो, आणि दोन दिवसांनी हजर झाल्यावर रीतसर इंग्रजीत अर्ज लिहिला. त्या अर्जात ‘आय रॅन अवे फ्रॉम द ऑफिस ॲट थ्री ओ’क्लॉक’ असे एक वाक्य होते. साहेबांनी ‘रॅन अवे’ या दोन शब्दांखाली लाल रेघ मारली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे विचारले, ‘काही घेऊन पळालात का?’

माझ्या मनातले मराठी वाक्य ‘मी तीन वाजता ऑफिसातून पळालो’ असे होते, आणि मराठीत त्यात काहीच वावगे नाही. ‘चला, पळतो आता, गाडी चुकेल’ असे आपण दिवसातून चार वेळा म्हणतो आणि ऐकणाऱ्याला त्यात चोरी दिसत नाही. इंग्रजीतला ‘रन अवे’ करणारा माणूस मात्र शिक्षेपासून, संकटापासून किंवा जबाबदारीपासून पळ काढत असतो. पुढे मी इंग्रजीच्या शिकवण्या घेऊ लागलो, तेव्हा धुळे, अमळनेर, चोपडा, शहादा अशा ठिकठिकाणांहून आलेली मुले नेमकी हीच चूक करताना दिसली, आणि ती शब्दकोश पाठ करून सुटत नाही हेही लक्षात आले. ती ज्या रीतीने सुटते ती रीत येथे सांगतो.

आधी ‘ऊन’ शोधावे

घाईने निघण्यासाठी मराठीत शब्दांचा तोटा नाही. आपण काढता पाय घेतो, धूम ठोकतो, पोबारा करतो, सटकतो, निसटतो, पसार होतो, गाशा गुंडाळतो आणि प्रसंगी कोणाच्या तरी हातावर तुरीही देतो. परंतु रोजच्या बोलण्यात सर्वांत जास्त वापर होतो तो एका साध्या बांधणीचा : पळून गेला, उठून गेला, निघून गेला, रागावून निघून गेला, गुपचूप सटकून गेला. अहिराणीतही तीच बांधणी आहे, ‘तो पयी गया’. मराठीतल्या ‘ळ’चा तिथे ‘य’ झाला, इतकाच फरक. या सगळ्या वाक्यांत मुख्य क्रियापद ‘जाणे’ हेच असते, आणि ते कसे जाणे झाले हे आधीचे ‘ऊन’ लागलेले रूप सांगते.

इंग्रजी ही बांधणी उलटी करते. जाण्याची रीत तिथे मुख्य क्रियापदात शिरते आणि ‘जाणे’ आक्रसून एका लहानशा अव्ययात मावते. ‘पळून गेला’ यातले ‘पळून’ हे ‘रॅन’ होते आणि ‘गेला’ हे ‘ऑफ’ होते, म्हणून ‘ही रॅन ऑफ’. ‘रागाने तणतणत निघून गेला’ यातली तणतण ‘स्टॉर्म्ड’मध्ये जाते आणि निघून जाणे ‘आउट’मध्ये. लेनर्ड टॅल्मी या अमेरिकी भाषावैज्ञानिकाने जगातल्या भाषांची याच मुद्द्यावर विभागणी केली आहे : काही भाषा गतीची दिशा क्रियापदात ठेवतात, तर इंग्रजीसारख्या काही भाषा ती क्रियापदाच्या बाजूला येणाऱ्या छोट्या शब्दाकडे सोपवतात. हा सिद्धान्त माहीत नसला तरी काही बिघडत नाही, परंतु उलट करण्याची ही युक्ती हाताला बसली की ‘ही वेंट बाय रनिंग’ किंवा ‘ही वेंट अँग्रिली बाय गेटिंग अप’ अशी वाक्ये आपोआप बंद होतात. व्याकरणाच्या दृष्टीने त्यांत मोठी चूक काढता येत नसली, तरी तसे कोणी बोलत नाही.

म्हणून पहिली पायरी अशी की वाक्य मनात मराठीत पूर्ण येऊ द्यावे, त्यातल्या ‘ऊन’ लागलेल्या शब्दावर बोट ठेवावे, आणि तोच इंग्रजी वाक्याचे क्रियापद करावा. ‘जाणे’ला इंग्रजी शब्द शोधू नये, त्याच्या जागी कोणते अव्यय बसते एवढेच पाहावे. क्रियापद आणि अव्यय यांच्या या जोडीलाच ‘फ्रेजल व्हर्ब’ म्हणतात. हे नाव जुन्या व्याकरणकारांचे असावे असे वाटते, पण लोगन पिअर्सल स्मिथ यांनी ते १९२५ मध्ये छापून रूढ केले, आणि ते आपल्याला ऑक्सफर्ड शब्दकोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवले असे त्यांनी नमूद केले. जोड्या मात्र या नावाहून शेकडो वर्षे जुन्या आहेत.

‘ऑफ’, ‘अवे’ आणि ‘आउट’

घाईने निघण्याचे बहुतेक काम ही तीनच अव्यये करतात, आणि त्यांतला भेद मराठीच्या मदतीने चांगला कळतो.

‘ऑफ’ म्हणजे सुटणे. चिकटलेली, टेकलेली किंवा बांधलेली वस्तू सुटी होते तेव्हा इंग्रजीत ‘ऑफ’ येते. झाकण निघते तेव्हाही आणि गुंडी तुटते तेव्हाही. आपणही ‘गाडी सुटली’, ‘बाण सुटला’, ‘पोरगं सुसाट सुटलं’ असे म्हणतो, ते याच कल्पनेवर. त्यामुळे ज्या निघण्यात जागेपासून सुटण्याचा क्षण महत्त्वाचा आहे, तिथे डोळे मिटून ‘ऑफ’ घ्यावे : रश ऑफ, डॅश ऑफ, रन ऑफ, शूट ऑफ, टेक ऑफ. एक गोष्ट मात्र सांभाळावी. ‘गेट ऑफ’ म्हणजे निघणे नव्हे, गाडीतून उतरणे. भुसावळ जंक्शनला एखादा प्रवासी केळी घ्यायला उतरला आणि तेवढ्यात गाडी हलली, तर उतरणे हे ‘गॉट ऑफ’ आणि गाडीचे फलाटावरून निघणे हे ‘पुल्ड आउट’. त्या बिचाऱ्याचे पुढे काय झाले ते सांगायला मग ‘रॅन आफ्टर’ लागते.

‘अवे’मध्ये सुटण्यापेक्षा अंतर पडण्याला महत्त्व आहे. मागे काही तरी आहे आणि माणूस त्यापासून लांब लांब जातो आहे, असे चित्र त्यात असते, म्हणूनच निसटण्याचा, सुटका करून घेण्याचा वास त्याला पटकन लागतो. ‘रन अवे’ घर सोडून पळालेल्या मुलाला लागते, ‘गेट अवे’ पोलिसांच्या हाती न लागलेल्याला आणि ‘ब्रेक अवे’ कळपातून किंवा घोळक्यातून फुटलेल्याला. सगळीच ‘अवे’ रूपे संशयास्पद नाहीत. ‘वॉक अवे’ आणि ‘ड्राइव्ह अवे’ अगदी निरुपद्रवी आहेत. पण ‘रन’च्या पुढे ‘अवे’ ठेवताना मला आजही ती लाल रेघ आठवते.

‘आउट’ म्हणजे बाहेर, आणि बाहेर पडायला आधी काही तरी आत असावे लागते : खोली, कचेरी, सभागृह, बसस्थानक. ज्या जागेला भिंती नाहीत तिथून ‘आउट’ करणे जड जाते. शेतातून निघालेला माणूस ‘रॅन आउट ऑफ द फील्ड’ असेल तर शेताला कुंपण तरी असावे, नाही तर तो उसात किंवा केळीच्या बागेत लपलेला असावा.

एका लग्नातून निघालेली माणसे

क्रियापदे यादीतून शिकू नयेत असे माझे ठाम मत आहे, कारण यादीत ‘रश’, ‘डॅश’, ‘बोल्ट’ आणि ‘शूट’ हे चारही शब्द ‘घाईने जाणे’ या एकाच अर्थासमोर उभे राहतात आणि विद्यार्थी त्यांतला सर्वांत सोपा उचलतो. त्याऐवजी मी वर्गात एक लग्न मांडतो. यावल तालुक्यातले एक गाव, वैशाखातली दुपार, मंडपात पंगत बसलेली, पानावर वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी. सहा वाजता शेवटची एसटी आहे, म्हणून जेवण उरकताच माणसे निघू लागतात, आणि प्रत्येक जण आपापल्या रीतीने निघतो.

सर्वांत आधी फोटोग्राफर निघतो, कारण त्याला संध्याकाळी सावद्याला दुसरे लग्न आहे. ‘द फोटोग्राफर रश्ड ऑफ टु अनदर वेडिंग.’ ‘रश’मध्ये वेळेचा ताण असतो, मागे घड्याळ लागलेले असते. ‘डॅश’मध्ये ताणापेक्षा चपळाई आणि अंतराचा थोडकेपणा जास्त असतो, मंडपातून घरापर्यंत धावत गेलेली करवली ‘डॅश्ड ऑफ’ करते. सभ्यपणे रजा घेताना ‘आय मस्ट डॅश’ म्हणता येते, आणि ते इंग्लंडच्या बाजूचे बोलणे आहे. याच ‘डॅश ऑफ’ला कर्म दिले की अर्थ पालटतो : ‘शी डॅश्ड ऑफ अ लेटर’ म्हणजे पत्र घेऊन पळाली असे नव्हे, तर तिने घाईघाईत पत्र खरडले.

पाठोपाठ नवरीचे मामा उठतात. आहेराच्या वेळी त्यांचे नाव तिसऱ्या क्रमांकावर पुकारले गेले, हे त्यांना लागले आहे. ते ताटावरून उठून, उपरणे झटकून, कोणाचेही न ऐकता चालू लागतात. येथे विद्यार्थी ‘स्टॉर्म्ड आउट’ म्हणतात, आणि मामा घराच्या ओसरीतून किंवा मंगल कार्यालयाच्या सभागृहातून निघाले असते तर ते बरोबर ठरले असते. परंतु आपला मंडप चारी बाजूंनी उघडा आहे, आत-बाहेर असा भेद नाही, म्हणून ‘हर अंकल स्टॉर्म्ड ऑफ’ हेच चांगले. रागावून निघणे आणि निषेध म्हणून निघणे हेही एक नव्हे. आमदार विधानसभेतून उठून जातात तेव्हा वर्तमानपत्रे ‘सभात्याग’ असा शब्द वापरतात, त्याला ‘वॉक आउट’ म्हणतात. त्यात आदळआपट असेलच असे नाही, पण जाणीवपूर्वक केलेली कृती असते. त्याला ‘ऑन’ जोडून ‘ही वॉक्ड आउट ऑन हर’ म्हटले, तर त्याने तिला वाऱ्यावर सोडले असा फार गंभीर अर्थ होतो, तेव्हा लग्नघरात तो शब्द जपूनच वापरावा.

मंगलाष्टके चालू असतानाच चार पोरे मागच्या बाजूने क्रिकेट खेळायला सटकली आहेत. कोणाच्या लक्षात न येता, गडबड न करता जाणे म्हणजे ‘स्लिप अवे’. त्यांच्या मनात चोरटेपणा आहे, पकडले गेलो तर बोलणी बसतील हे त्यांना ठाऊक आहे, असे सांगायचे असेल तर ‘स्नीक ऑफ’. आणि पंगत वाढण्याचे काम अंगावर पडू नये म्हणून एखादा धडधाकट पाहुणा हळूच नाहीसा झाला, तर त्यासाठी इंग्लंडात ‘स्लोप ऑफ’ असा नेमका शब्द आहे. आपल्याकडे ‘अंग चोरणे’ आणि ‘काढता पाय घेणे’ मिळून जे होते ते तो एकटा करतो. ‘स्लिप अवे’विषयी आणखी एक सावधगिरी : आजारी, वयोवृद्ध माणसाबद्दल ते वापरले तर शांतपणे प्राण गेला असा अर्थ होतो.

नवरदेवाचे जोडे पळवणाऱ्या मेहुण्या ‘रॅन ऑफ विथ द ग्रूम्स शूज’ करतात. हाच ‘रन ऑफ विथ’ माणसापुढे ठेवला की कोणाबरोबर तरी पळून जाणे असा अर्थ निघतो, आणि वर्गात एका मुलीने निष्पापपणे ‘द ब्राइड रॅन ऑफ विथ द फोटोग्राफर’ असे वाक्य तयार केल्याने सगळे हसून लोटपोट झाले होते. तिला म्हणायचे इतकेच होते की नवरी फोटो काढायला घाईने त्याच्याबरोबर गेली. खरी चोरी झाली असेल, म्हणजे गर्दीत कोणी तरी काकूंची पर्स लांबवली असेल, तर ‘समवन मेड ऑफ विथ हर पर्स’. ‘मेक ऑफ’ हा बातम्यांतला आणि पोलिसांच्या जबाबातला शब्द आहे, आपल्या ‘पसार झाला’च्या शेजारी बसणारा. तो आनंदाच्या निघण्याला लावू नये.

भाचा नव्या मोटारसायकलवरून निघतो, आणि मंडपाच्या तोंडाशी थोडी धूळ मागे ठेवून जातो. ‘माय नेफ्यू शॉट ऑफ ऑन हिज मोटरबाइक.’ रस्ता पुढे दिसत असेल तर ‘टोअर ऑफ डाउन द रोड’ हेही चालते. या ठिकाणी भूतकाळी रूपे चुकतात म्हणून ती पाठच करावीत : शूटचे शॉट, टेअरचे टोअर, रनचे रॅन, टेकचे टुक, मेकचे मेड आणि ड्राइव्हचे ड्रोव्ह. ‘सेट’ मात्र ‘सेट’च राहते.

‘बोल्ट’ हा शब्द मला या लग्नात बसवता येत नव्हता, तो शहादा तालुक्यातून आलेल्या एका विद्यार्थ्याने बसवून दिला. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो, तिथे दरवर्षी एखादा घोडा बिथरतो, लगाम हिसडतो आणि वाट फुटेल तिकडे उधळतो. ‘बोल्ट’ म्हणजे नेमके ते उधळणे. माणसाने ‘बोल्ट’ केले तर तोही असाच दचकून, विचार न करता सुटलेला असतो. मग त्या विद्यार्थ्याने लग्नातल्या वरातीच्या घोड्यालाच फटाक्याच्या आवाजाने उधळून लावले, आणि ‘द हॉर्स बोल्टेड’ एवढ्यावर वाक्य पुरे झाले, कारण या क्रियापदाला अव्ययाची गरज नसते.

शेवटी एसटी. ‘द बस पुल्ड आउट ऑफ द स्टँड’ म्हणजे ती स्थानकातून बाहेर पडली. थांब्यावरून हलली असेल तर ‘पुल्ड अवे’. बसमध्ये बसताच जेवण अंगावर येऊन डुलकी लागली, तर ते ‘ड्रॉप ऑफ’, आणि त्याचा निघण्याशी काहीही संबंध नाही.

निरोप घेणे आणि हाकलणे

आपल्याकडे निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. अहिराणी बोलणारा ‘मी येस’ म्हणतो, आणि त्याचे हे ‘येस’ ऐकून एखाद्या परक्या माणसाला तो कशाला तरी होकार देतो आहे असे वाटू शकेल. हा संस्कार इतका पक्का आहे की फोन ठेवताना किंवा कचेरीतून निघताना आपली मुले ‘ओके, आय विल कम’ म्हणतात, आणि समोरचा इंग्रजी माणूस वाट पाहत बसतो. इंग्रजीत ‘जाणे’ अशुभ नाही, म्हणून निःसंकोचपणे ‘आय ॲम ऑफ’, ‘आय मस्ट बी ऑफ’ किंवा ‘आय हॅव गॉट टु रन’ म्हणावे. पाच मिनिटांत परत यायचे असेल, म्हणजे आपल्या ‘आलोच’चा अर्थ हवा असेल, तर ‘आय ॲम जस्ट पॉपिंग आउट’ आहे. बर्फ आणायला, पान आणायला, झेरॉक्स काढायला जाणारा माणूस ‘पॉप आउट’ करतो. साहेब जागेवर नाहीत हे फोनवर सांगायचे तर ‘ही हॅज जस्ट स्टेप्ड आउट’. इथे कोणीही ‘पास्ड अवे’ म्हणू नये, कारण त्याने साहेब स्वर्गवासी होतात. ‘पास्ड आउट’नेही काम बिघडते, कारण भारतात त्याचा अर्थ पदवी घेऊन बाहेर पडणे असा घेतात आणि इतरत्र शुद्ध हरपणे असा.

दुसऱ्याला जायला सांगताना सूर फार जपावा लागतो. पंगतीत लुडबुडणाऱ्या लहान मुलांना आजी ‘पळा रे पोरांनो’ म्हणते, त्यासाठी ‘रन अलाँग’ किंवा ‘ऑफ यू गो’ आहे, आणि त्यांत माया आहे. ‘क्लिअर ऑफ’ म्हणजे ‘चालते व्हा’. ‘पुश ऑफ’ आणि ‘बझ ऑफ’ हे त्याच रांगेतले, ‘फूट इथून’च्या जवळचे. ही तीन रूपे ऐकून समजली पाहिजेत, पण स्वतः वापरण्याची घाई करू नये, कारण परक्या भाषेत उद्धटपणाचे माप कळायला सर्वांत जास्त वेळ लागतो.

गाठी

काही गाठी क्रियापदांच्या नसून बांधणीच्या आहेत. ही निघण्याची क्रियापदे अकर्मक असतात, म्हणून जागा सांगायची तर ‘फ्रॉम’ किंवा ‘आउट ऑफ’ लागते. ‘ही स्टॉर्म्ड आउट द मीटिंग’पेक्षा ‘ही स्टॉर्म्ड आउट ऑफ द मीटिंग’ लिहावे. उलट साधे ‘लिव्ह’ हे सकर्मक आहे आणि त्याला ‘फ्रॉम’ची गरज नाही, कारण त्याचा मूळ अर्थच ‘सोडणे’ असा आहे. ‘आय लेफ्ट जळगाव’ म्हणजे मी जळगाव सोडले, आणि ‘आय लेफ्ट फॉर जळगाव’ म्हणजे मी जळगावला जायला निघालो. एका ‘फॉर’ने दिशा पूर्ण उलटते, आणि त्यापायी माझ्या एका विद्यार्थ्याला घ्यायला आलेला माणूस चुकीच्या दिवशी स्थानकावर उभा राहिला होता.

‘हरी अप’ हे निघणे नव्हेच. ते हातातले काम लवकर उरकणे आहे, आणि निघण्यासाठी ‘हरी ऑफ’ हवे. ‘सेट ऑफ’ आणि ‘सेट आउट’ यांत निघणे आहे, पण घाई नाही. आषाढीसाठी मुक्ताईनगरहून संत मुक्ताबाईंची पालखी पंढरपूरला निघते, तिला ‘सेट आउट’ शोभते, कारण पुढचा पल्ला लांबचा आणि हेतू ठरलेला आहे. ‘टेक ऑफ’ विमानालाही लागते आणि न सांगता अचानक निघालेल्या माणसालाही, आणि टोपी काढण्यालाही. त्यातला कोणता अर्थ घ्यायचा ते पुढे कर्म आहे की नाही यावरून ठरते.

बोलताना जोर अव्ययावर द्यावा. ‘ही रॅन ऑफ’ यात ‘ऑफ’ ठळक हवे. तेच नाम झाले की जोर सुरुवातीकडे सरकतो. ‘वॉकआउट’, ‘गेटअवे’, ‘टेकऑफ’ ही नामे उच्चारताना पहिला भाग उचलायचा असतो. गोष्ट सांगताना घाई अधिक दाखवायची असेल तर अव्यय वाक्याच्या सुरुवातीला आणता येते : ‘ऑफ वेंट द बस.’ मात्र कर्ता सर्वनाम असेल तर तो क्रियापदाच्या आधीच राहतो, म्हणून ‘ऑफ इट वेंट’. ‘ऑफ वेंट इट’ असे होत नाही. क्रियापद आणि अव्यय यांच्यामध्ये ‘स्ट्रेट’ किंवा ‘राइट’ बसू शकते, ‘शी वेंट स्ट्रेट ऑफ’, आणि आपल्या ‘तडक’चे काम त्याने होते.

अमेरिकेकडची काही मजेदार रूपे कानावर पडतात, ती ओळखून सोडून द्यावीत. ‘स्केडॅडल’ हा शब्द १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात सैनिकांच्या तोंडून पसरला, आणि ‘व्हमूस’ हे स्पॅनिशमधल्या ‘चला, जाऊ या’ अशा अर्थाच्या शब्दाचे बिघडलेले रूप आहे. ‘हायटेल’मध्ये शेपूट वर करून उधळणारे जनावर आहे. पोळ्याच्या दिवशी हातून सुटलेला गोऱ्हा ज्याने पाहिला आहे, त्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

अर्जात काय लिहावे

मराठीत ‘निघणे’ घरचे आणि ‘प्रस्थान करणे’ बातमीचे, ‘पळणे’ घरचे आणि ‘पलायन करणे’ कागदावरचे, अशी दोन दालने आहेत. इंग्रजीतही तसेच आहे. ‘रन ऑफ’, ‘रश ऑफ’ ही घरची रूपे, आणि ‘डिपार्ट’, ‘ॲबस्काँड’ ही फ्रेंच-लॅटिनच्या वाटेने आलेली कागदावरची. फरारी आरोपीसाठी आपल्याकडची पोलीस-इंग्रजी ‘ॲबस्काँडिंग’ लिहिते, ते त्याच दालनातले. म्हणून कार्यालयीन लेखनात फ्रेजल व्हर्ब शक्यतो टाळावे, पण त्याच्या जागी फार मोठा शब्दही आणू नये. ‘आय डिपार्टेड फ्रॉम द ऑफिस’ असे लिहिणारा कारकून स्वतःला मेल गाडी समजतो असे वाटते.

साधे ‘लिव्ह’ घ्यावे, आणि घाई क्रियापदात न ठेवता कारणात ठेवावी. माझा तो अर्ज आज लिहायचा झाला तर मी असे लिहीन : ‘आय हॅड टु लिव्ह द ऑफिस ॲट थ्री इन द आफ्टरनून, ॲज माय फादर हॅड बीन ॲडमिटेड टु हॉस्पिटल.’ ‘हॅड टु’मध्ये नाइलाज आला, दवाखान्यात निकड आली, आणि पळण्याचा उल्लेखही करावा लागला नाही. निघण्यापूर्वी कोणाला सांगितले होते तेही पुढच्या वाक्यात लिहावे, कारण साहेबांना खरे तर तेच विचारायचे असते.

सरावासाठी एसटी स्थानकाच्या बाकावर अर्धा तास बसणे पुरेसे आहे. निघणारा प्रत्येक माणूस आधी मराठीत पूर्ण वाक्यात सांगावा, त्यातल्या ‘ऊन’खाली रेघ ओढावी, जागेला भिंती आहेत का ते पाहावे, मागे कोणी लागले आहे का ते पाहावे, आणि मग इंग्रजी वाक्य वहीत लिहावे. ‘कंडक्टरशी भांडून एक आजोबा बसमधून तणतणत उतरून गेले’ हे वाक्य मी नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी देतो. बसला भिंती आहेत, आजोबा रागात आहेत, आणि ते उतरलेही आहेत, त्यामुळे ‘गॉट ऑफ’ आणि ‘स्टॉर्म्ड ऑफ’ ही दोन्ही रूपे एकाच वाक्यात ओळीने बसवावी लागतात.